कोकणातल्या निवडुंगाला माती कमी, दगड जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याच्या नर्सरीतून आणलेले निवडुंग मालवणात मे अखेरपर्यंत टणक होते, जुलैत एकेक करून बुडातून मऊ पडत गेले. मिश्रण होतं एक भाग लाल माती, एक भाग समुद्राची वाळू, एक भाग शेणखत. आता वाळू वाढवू का, असं विचारताय. वाळू वाढवू नका, काढूनच टाका. आणि लाल मातीलाही रजा द्या.

हे तीन सारख्या भागांचं मिश्रण घाटावर खपून जातं. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिमी पाऊस, एरवी हवा कोरडी. थोडी चिकट माती असली तरी कुंडी दोन-चार दिवसांत वाळते. आपल्याकडे ३००० मिमीच्या आसपास पाऊस, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि वरून हवाच अशी दमट की दोरीवरचे कपडे सुकत नाहीत. तिथे हवा कुंडी वाळवते. इथे ते काम मिश्रणालाच करावं लागतं. घातलेलं पाणी तिथल्या तिथे खालून निघून गेलं पाहिजे आणि कणांमध्ये हवा उरली पाहिजे. मुळांना हवा मिळाली नाही की बुरशीला रान मोकळं.

समुद्राची वाळू काळी असो की पांढरी, नकोच. मीठ दहा पाण्यांनी धुऊन निघेलही, पण कण इतका बारीक असतो की दोन दाण्यांमध्ये हवा राहत नाही, पाणीच अडकतं. शिवाय शिंपल्यांचा चुरा म्हणजे चुना. बहुतेक निवडुंगांना किंचित आम्ल माती मानवते, साडेपाच ते साडेसहा सामूची (पीएच). निव्वळ कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) नको. ते ओलं असलं की आठवडाभर ओलं, आणि एकदा कडक वाळलं की पाणी आतच घेत नाही.

मग घालायचं काय? उत्तर तुमच्या गडग्यातच, म्हणजे आवाराच्या दगडी कुंपणातच आहे. जांभा, आपला तांबडा दगड! चिरेखाणीवर चिरा कापताना जो चुरा पडतो तो फुकट मिळतो. जांभ्याच्या खड्याला आत छिद्रं असतात, त्यामुळे तो स्वतः थोडं पाणी धरतो आणि दोन खड्यांमधली जागा मोकळी राहते. प्रकृतीही आम्ल. मात्र सगळा जांभा सारखा नसतो. मूठभर चुरा काचेच्या बरणीत घाला, पाणी ओतून जोरात हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी खडे बोटाने दाबून बघा. टणक राहिले तर घ्या, लोण्यासारखे फुटले तर तो चुरा आंब्याच्या आळ्यात टाका. खाणीच्या तळाची पिवळट-पांढरी मऊ माती तर मुळीच आणू नका, ती निव्वळ चिकणमाती.

चाळणीला कंटाळू नका, सगळी गंमत तिथेच आहे. आधी बांधकामाच्या मोठ्या चाळणीतून काढा, वर राहतील ते ढेकळं-दगड बाजूला. खाली पडेल ते पिठाच्या चाळणीने पुन्हा चाळा. आता जी तांबडी पूड खाली पडते, तीच तुमच्या झाडांची मारेकरी. पावसात ती वाहत खाली जाते आणि भोकाशी थापा घालून बसते. चाळणीत वर राहिलेला ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढा खडा हाच आपला माल. तो बादलीत घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा.

मी डब्याच्या मापाने करते. चार डबे जांभा, तीन डबे काळ्या दगडाची बारीक खडी (क्रशरवर ग्रिट म्हणून मागा, डस्ट देतील ती घेऊ नका), एक डबा फोडलेला लाकडी कोळसा आणि दोन डबे चाळलेलं गांडूळ खत किंवा पूर्ण कुजलेला पालापाचोळा. वरून मूठभर निंबोळी पेंड. जांभ्यातलं लोह फॉस्फरस धरून बसतं, म्हणून चमचाभर हाडचुराही घालते. खडी नसेल तर जुनी फुटकी कौलं ठेचून घ्या, छान चालतात. कच्च्या भाजणीच्या विटा मात्र भिजून चिखल होतात. सिमेंटचे तुकडे नकोत, चुलीतली राखही नको. शेणखताचा आग्रह सोडा: नीट कुजलेलं नसेल तर त्यातून हुमणी येते आणि मुळं खाऊन टाकते.

कुंडीच्या तळाशी दगडांचा थर द्यायची पद्धत घरोघरी आहे. त्याने निचरा वाढत नाही. ओला टॉवेल दोरीवर टाकला की वरचा भाग आधी सुकतो आणि खालची कड ओलीच राहते, तसंच कुंडीतल्या मिश्रणाचं. दगड घातले की ती ओली कड वर, मुळांच्या आणखी जवळ सरकते. भोकावर खापरीचा तुकडा किंवा जाळी पुरे. कुंडी मातीची, झाडापेक्षा बोटभरच मोठी.

जे निवडुंग आज मऊ आहेत त्यांना मिश्रण बदलून काही होणार नाही. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने आडवे कापा. मधोमध जे कडं दिसतं त्यात तांबूस ठिपके असतील तर आणखी वर कापा, दर वेळी सुरी पुसून. कडं पांढरट-हिरवं, स्वच्छ दिसलं की थांबा. काप सावलीत, वाऱ्यावर ठेवा आणि कोरडी खपली धरल्यावरच मिश्रणावर टेकवा. पावसाळी हवेत खपली धरायला वेळ लागतो, घाई करू नका. टणक आहेत त्यांच्या कुंड्या आत्ता उचकटू नका. दिवाळीच्या सुमारास बदला, जुनी माती मुळांवरून पूर्ण झाडा, आणि नंतर आठवडाभर पाणी नाही. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी पाणी बंद, हस्त सरल्यावर पुन्हा सुरू. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर कुंडीवर पांढरी खपली येते. पागोळ्यांचं पाणी झाकणाच्या पिंपात साठवून तेच वापरा.

दोन झाडांना हे मिश्रण लावू नका. घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते रात्री फुलणारं झाड निवडुंगच आहे, पण मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेतल्या पावसाळी रानात झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. त्याला निम्मा पालापाचोळा हवा. आणि ते लाल-पिवळ्या गोळ्याचं मून कॅक्टस: वरचा गोळा कलम केलेला, खालचा हिरवा खुंट बहुधा ड्रॅगनफ्रूटचा. त्याला खत एक डबा जास्त.

कुंड्या पडवीत आहेत की गच्चीवर, ते तुम्ही लिहिलेलं नाही. गच्चीवर उघड्यावर असतील तर जांभ्याच्या आधी पारदर्शक पत्र्याचं बघा; थेट पाऊस पडला तर कुठलंच मिश्रण तगणार नाही. नैऋत्येकडून झड येते, त्या बाजूने पत्रा खालपर्यंत आणा आणि पूर्वेची बाजू वाऱ्यासाठी उघडी ठेवा.