पोटगीच्या वसुलीची आकडेवारी: कोल्हापुरात काय मिळेल, काय नाही

ताई, तुम्ही विचारलंय की एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी कोल्हापूर जिल्ह्यात मुलांच्या पोटगीपैकी किती टक्के वसूल होते तो सरकारी आकडा कुठे मिळेल, कारण अमेरिकेचा 65 टक्क्यांच्या आसपासचा आकडा तुम्हाला सापडलाय आणि शेजारी आपला ठेवायचाय. तसा आकडा आपल्याकडे तयार मिळत नाही. तो कुणी गोळाच करत नाही. पण म्हणून विषय बदलू नका.

आधी तो 65 टक्क्यांचा आकडा बघू. अमेरिकेत 1975 पासून पोटगी वसुली हा सरकारी कार्यक्रम आहे. केस सरकारी दप्तरात उघडते, बहुतेक पैसा बापाच्या पगारातून परस्पर कापला जातो आणि सरकारी खिडकीतून आईपर्यंत पोचतो. पैसा सरकारच्या हातून जातो म्हणून तो मोजता येतो. प्रत्येक राज्य दरवर्षी फॉर्म 157 भरतं. त्यातल्या 24 व्या ओळीत चालू पोटगी किती देय होती आणि 25 व्या ओळीत त्यातली किती वाटली. या दोन ओळींचा भागाकार म्हणजे तुमचा आकडा. 1998 च्या कायद्यापासून अशा पाच निकषांवर राज्यांना प्रोत्साहनपर पैसे मिळतात, म्हणून आकड्यांचं ऑडिटही होतं.

पण छेदात काय आहे ते बघितल्याशिवाय तिथलाही आकडा उचलू नका. थकबाकीचा निकष रक्कम मोजत नाही, केसेस मोजतो. दहा हजार डॉलर थकवणाऱ्यानं वर्षात एकदा पन्नास भरले तरी ती केस ‘भरणाऱ्यां’त धरतात. पितृत्व निश्चितीचा निकष तर शंभराच्या वर जाऊ शकतो, कारण अंशात यंदाची मुलं आणि छेदात गेल्या वर्षीची! शिवाय हे सगळं कार्यक्रमात नोंदलेल्या केसेसपुरतंच. बाहेरच्या कुटुंबांसह सगळं चित्र त्यांचं जनगणना खातं दर दोन वर्षांनी सर्वेक्षणातून काढतं, त्याची टक्केवारी वेगळी येते.

आता आपल्याकडे. पोटगी म्हणजे अर्जदार, सामनेवाला आणि कोर्ट. पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125 कलम, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 144. कौटुंबिक न्यायालयात त्याला पिटिशन ई म्हणतात. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिडवर (कोर्टांतल्या प्रकरणांची आकडेवारी देणारं सरकारी संकेतस्थळ) कोल्हापूर जिल्हा निवडलात तर प्रलंबित किती, निकाली किती हे दिसेल. ‘निकाली’मध्ये तडजोड झालेली, बाई तारखांना कंटाळून यायची थांबली म्हणून काढून टाकलेली, आणि हुकूम होऊनही रुपया न मिळालेली, अशी सगळी प्रकरणं एकत्र असतात. त्या स्तंभावरून वसुलीबद्दल एक वाक्यही लिहू नका.

वसुलीचा माग खरा सापडतो वसुली अर्जात. पोटगी थकली की बाईला वेगळा अर्ज करावा लागतो, तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत, नाहीतर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर अशा प्रकरणाच्या एकेका तारखेवर टिचकी मारून रोजनामा, म्हणजे त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद, वाचा. ‘अर्जदार हजर, सामनेवाले गैरहजर, वॉरंट पुन्हा काढावे.’ पुढच्या तारखेला ‘वॉरंट बजावणीविना परत.’ मग एखाद्या दिवशी अचानक पुरसीस, म्हणजे पक्षकारानं कोर्टात दिलेलं लेखी निवेदन: अमुक रक्कम मिळाली, वॉरंट रद्द करावे. ही पुरसीस म्हणजे आपल्याकडची 25 वी ओळ, फक्त ती कुणी बेरजेला घेत नाही. पुष्कळदा पैसे कोर्टाच्या आवारात वकिलांसमोर हातात दिले जातात आणि कागदावर तेवढंच उरतं.

आणखी एक गोष्ट. पगारातून कपात हा उपाय शिरोलीच्या कारखान्यात कायम असलेल्या माणसाला लागू पडतो. ज्याचं उत्पन्न म्हणजे दर दहा दिवसांचं दुधाचं बिल आणि हंगामातलं उसाचं बिल, आणि जमीन वडिलांच्या नावावर, त्याचं काय कापणार? म्हणून 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना मालमत्ता व उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र सक्तीचं केलं. तुमच्या प्रबंधात नोकरदार आणि शेतकरी-व्यावसायिक असे दोन गट पाडलेत तर अमेरिकेशी तुलनेपेक्षा कितीतरी जास्त काही हाती लागेल, असं माझं मत.

बालसंगोपन योजना यात मिसळू नका. तुमच्या प्रश्नाला आलेल्या एका उत्तरात कुणीतरी तिचे लाभार्थी म्हणजे पोटगी मिळणारी मुलं असं लिहिलंय, ते चूक आहे. ते राज्य सरकारचं अनुदान आहे, आधी महिना 1100 रुपये, 2023 पासून 2250. बाल कल्याण समितीच्या आदेशानं मिळतं, बापाकडून काही वसूल होत नाही. त्याची माहिती जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात मागा, आणि मंजूर मुलं किती व प्रत्यक्ष खात्यात रक्कम किती महिन्यांची जमा झाली हे वेगवेगळं विचारा.

माहिती अधिकारात ‘गेल्या पाच वर्षांची टक्केवारी द्यावी’ असं लिहिलंत तर ‘माहिती या स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल, आणि ते कायद्याला धरून असेल. जो कागद दप्तरात आहे त्याचीच प्रत मागा: मासिक प्रगती अहवाल, अमुक महिना ते अमुक महिना. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

कोर्टाच्या नोंदी घेताना मुलांची आणि आयांची नावं वहीतसुद्धा उतरवू नका, नुसता तुमचा स्वतःचा अनुक्रमांक टाका. आणि ई-कोर्ट्सवर कलमानुसार शोधताना 125 आणि 144 दोन्ही टाका. जुलै 2024 आधी दाखल झालेले अर्ज जुन्याच कलमाखाली चालू आहेत, एकच टाकलंत तर बरीच प्रकरणं निसटतील.