मॅक्रोसाठी १०० मिमीची लेन्स? आधी उजेडाचं बघा

तुमच्याकडे ५० मिमी एफ/१.८ आणि क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा कॅमेरा आहे, आणि मॅक्रोसाठी, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींच्या अगदी जवळून काढलेल्या फोटोंसाठी, १०० मिमीची लेन्स घ्यावीच लागते का, असं विचारलंय. नाही लागत. एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या घ्या, पण कॅमेरा आणि लेन्सला विजेने जोडणाऱ्या, कॉन्टॅक्टवाल्याच. बिनकॉन्टॅक्टच्या स्वस्त ट्यूबवर हल्लीच्या बहुतेक लेन्सचं ॲपर्चर कॅमेऱ्यातून बदलत नाही. हिशेब सोपा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (इथे ५०), एवढं मॅग्निफिकेशन मिळतं. १२, २०, ३६ मिमीच्या संचातल्या मोठ्या दोन जोडल्या की ५६ मिमी, म्हणजे ५० च्या लेन्सवर १:१ च्या थोडं वर; १:१ ला वस्तू सेन्सरवर खऱ्या आकाराएवढीच उमटते.

लेन्सचं एवढंच. खरं घोडं अडतं ते उजेडापाशी. तिथे ‘नैसर्गिक प्रकाशच खरा, फ्लॅश म्हणजे लबाडी’ म्हणणारी मंडळी नवख्यांचं अख्खं वर्ष फुकट घालवतात, हे माझं स्पष्ट मत. रुईच्या पानावर मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) घ्या. जीव पाच-सहा मिमीचा. १:१ ला एफ/११ ठेवूनही डेप्थ (फोकसमध्ये राहणारी जाडी) जेमतेम ०.९ मिमी, डोळा शार्प आला की पाठीवरचे ठिपके गेलेच. शिवाय एफ/११ हा नुसता आकडा. १:१ ला उजेड पोचतो एफ/२२ इतकाच. सावलीत आयएसओ १०० ला शटर १/८ च्या आसपास येतं. ट्रायपॉड लावा म्हणतात. कॅमेरा राहील स्थिर, पण पान डोलतंय त्याचं काय? १/२५० गाठायला आयएसओ ३२०० लागेल, फोटो दाणेदार होईल, मग पाठीवरचा बारकावा शोधत बसा.

त्यापेक्षा फ्लॅश मॅन्युअलवर १/१६ पॉवरला, शटर १/१६०, आयएसओ २००, एफ/११. एवढ्या कमी पॉवरला फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकतो, त्यामुळे पान आणि तुमचा हात दोन्ही गोठतात. उघडा फ्लॅश मात्र मारू नका. फ्लॅशवरची ती छोटी पांढरी टोपीही कुचकामी, कारण तिचा आकार फ्लॅशच्या तोंडाएवढाच. ए४ आकाराचा बटर पेपर दुहेरी करून फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत कमानीसारखा वाकवा, किड्यापासून वीतभराच्या आत येईल असा. जमलं की नाही, ते ढालकिड्याची पाठच सांगते. ती आरसाच. कागदाचं प्रतिबिंब एकसारखं धूसर दिसलं तर ठीक. मधोमध पांढरा डाग आणि कडा काळ्या असतील तर उजेड पसरलेला नाही, फ्लॅश आणि कागदातलं अंतर वाढवा.

ऑटोफोकस बंद. फोकस रिंगला हात न लावता स्वतःच मिलिमीटरभर पुढेमागे व्हा आणि डोळा चमकला की क्लिक. दहात दोन जमले तरी पुष्कळ.

हो, फूल, दव किंवा मागून ऊन पडलेले चतुराचे पंख असतील तर फ्लॅश ठेवून द्या; तिथे त्या मंडळींचं बरोबर आहे. ट्यूब लावल्यावर लांबचं फोकस जातं, हेही लक्षात असू द्या. आणि फोटोसाठी किडे फ्रीजमध्ये गार करणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका.

१०० मिमीचा खरा फायदा अंतराचा. ५० वर ट्यूब लावली की किडा काचेपासून पाच-सहा सेंटिमीटरवर येतो, १०० च्या लेन्समध्ये साधारण दुप्पट जागा मिळते. लाजऱ्या फुलपाखरांसाठी ती घ्याच, पण नंतर. तोवर सकाळी सातच्या आत रुईचं झाड गाठा; ऊन चढलं की ढालकिडे पळायला लागतात.