आधी बालवाडी, मग मतपेटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : श्रद्धाळू घरांत मुलं जास्त, धर्माकडे पाठ फिरवलेल्यांच्या घरांत एक नाहीतर दोन. असंच चाललं तर धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या देशांचं राजकारण दोन-तीन पिढ्यांत धर्मवाल्यांच्या हातात जाईल का?

राजकारण बदलतं, हे खरं. पण जन्मदराच्या हिशेबानं बदलत नाही. तो हिशेब बहुतेक जण अर्धाच मांडतात, म्हणून आधी तोच पुरा करू. शंभरात दहा कडवे श्रद्धाळू आहेत असं धरा. जोडप्यामागे सहा मुलं, म्हणजे दर पिढीत तिप्पट. बाकीचे नव्वद आहेत तेवढेच राहतात. पुढची पिढी ३० विरुद्ध ९०, त्यापुढची ९० विरुद्ध ९०. झाली बरोबरी! इथवर आलं की लोक घाबरतात आणि लेख लिहायला घेतात. आता एवढंच घाला की दर तीन मुलांमागे एक मूल मोठेपणी ती वाट सोडतं. मग दोन पिढ्यांनी ४० विरुद्ध १२० होतात, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. निम्मी मुलं बाहेर पडली तर १५ टक्के. जन्मदर एकच, पण उत्तरं तीन. म्हणून कुणी जन्मदराचा आकडा तोंडावर फेकला की मी विचारतो, टिकतात किती?

नेदरलँड्समध्ये हे घडून गेलंय. तिथल्या कॅथलिक घरांत मुलं भरपूर असत आणि एक दिवस देश कॅथलिकांचा होईल अशी धास्ती प्रोटेस्टंटांना होती. शिवाय समाज नुसता मोठा नव्हता, बंदिस्तही होता. मूल कॅथलिक शाळेत जाई, बाप कॅथलिक कामगार संघटनेत, घरात वर्तमानपत्र कॅथलिक, १९२५ पासून रेडिओही कॅथलिक आणि मत अर्थात कॅथलिक पक्षाला. १९५४ साली तर बिशपांनी पत्रक काढून समाजवाद्यांचा रेडिओ नियमित ऐकायला मनाई केली आणि त्यांच्या संघटनेत जाणाऱ्यांना धार्मिक संस्कार नाकारले जातील असं बजावलं. (रेडिओ कोणता लावायचा हे फर्मान काढून सांगावं लागतं, तेव्हा कुंपणाला भोकं पडलेली असतात, असं मला वाटतं.) १९६३ साली त्या पक्षाचे १५० पैकी ५० खासदार होते. १९७२ साली उरले २७. १९८० साली पक्ष दोन प्रोटेस्टंट पक्षांबरोबर विलीन झाला. मुलं झाली होती, पण मोठेपणी ती रविवारी चर्चला जाईनाशी झाली.

याच्या उलट टोकाला अमेरिकेतले आमिश, म्हणजे आधुनिक राहणीपासून दूर राहणारा एक ख्रिस्ती पंथ. १९०० च्या सुमारास पाचेक हजार होते, आज चार लाखांच्या घरात आहेत. दर वीसेक वर्षांनी दुप्पट होतात आणि बहुतेक मुलं टिकतात. तरी अमेरिकेचं राजकारण त्यांनी बदललेलं नाही, कारण त्यांना हवी असते ती सूट. १९६५ साली सरकारी सामाजिक विम्यातून सूट मिळाली, १९७२ साली सर्वोच्च न्यायालयाकडून आठवीनंतर शाळेत न जाण्याची. सरकारचे पैसे नकोत आणि शेजाऱ्यावर आपले नियम लादायचेही नाहीत. मतदानालासुद्धा फार थोडे जातात.

मग वाढ राजकारणात उतरते कधी? इस्रायलइतकं हे स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

१९४८ साली राज्य स्थापन करणारे बेन-गुरियन आणि त्यांचे सहकारी पक्के समाजवादी, धर्माशी फारसं देणंघेणं नसलेले. हरेदी, म्हणजे अतिकर्मठ ज्यू, तेव्हा मूठभर होते. युरोपातल्या त्यांच्या धर्मपाठशाळा, येशिवा, नाझींनी बेचिराख केल्या होत्या. उरलेलं ज्ञान जगावं म्हणून सुमारे ४०० विद्यार्थ्यांना सक्तीच्या लष्करी सेवेतून सवलत दिली गेली. चारशे पोरं, कुणाच्या डोळ्यांत खुपणार? त्याआधी जून १९४७ मध्येच बेन-गुरियन यांच्या सहीचं एक पत्र हरेदींच्या पक्षाकडे गेलं होतं. शब्बाथची, म्हणजे शनिवारची सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशेर (ज्यू धर्माच्या नियमांत बसणारं) अन्न, विवाहाचे कायदे आणि स्वतंत्र शाळा, या चार गोष्टींची हमी त्यात होती. आजही तिथल्या ज्यूंना देशात लग्न करायचं तर रब्बीकडेच, म्हणजे ज्यू धर्मगुरूकडेच जावं लागतं. देव न मानणारी जोडपी विमानानं सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात.

पुढे सवलतीला संख्येची मर्यादा आली आणि १९७७ साली पंतप्रधान बेगिन यांच्या सरकारनं ती काढून टाकली. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं निकाल दिला की कायद्याचा आधार नसताना या तरुणांना भरतीतून वगळता येणार नाही. तेव्हा असे विद्यार्थी सुमारे ६३ हजार होते. कुठे ४०० आणि कुठे ६३ हजार! तत्त्व बदललं नव्हतं, नग वाढले होते. पाहुण्याला एक खोली द्यावी आणि साठ-सत्तर वर्षांनी घराचा नकाशाच त्या खोलीभोवती काढावा लागावा, तसं झालं.

आता यातला क्रम बघा. वाढणारा समाज आधी बालवाडीत दिसतो. हरेदींत निम्म्याहून जास्त लोक विशीच्या आतले, म्हणजे शाळांचं अनुदान, बालभत्ते, घरं यांवरून अर्थसंकल्पात पहिली ठिणगी पडते. मग मुलं अठरा वर्षांची झाली की भरतीचा प्रश्न. मग नोकरीचा. मुलग्यांच्या कित्येक शाळांत गणित आणि इंग्रजी नावापुरतं, आणि पुरुषांत जेमतेम निम्म्याहून थोडे जास्त कमावते (बायकांत मात्र ८० टक्क्यांच्या आसपास). मतपेटीत त्यांचं वजन सगळ्यांत शेवटी दिसतं, कारण लहान मुलं मत देत नाहीत.

शिवाय मतांची संख्या एक आणि मतांची किंमत दुसरी. २०२२ च्या निवडणुकीत दोन हरेदी पक्षांना मिळून १२० पैकी १८ जागा मिळाल्या. अठरा जागांवर देश चालवता येत नाही. पण आघाडीच्या ६४ जागांतून हे अठरा उठले तर खाली ४६ राहतात. परराष्ट्र धोरण किंवा बँका यांवर आघाडीत कुणाशीही जुळवून घेणारे हे पक्ष शाळा आणि भरती या दोन गोष्टींवर तसूभर हलत नाहीत. जुलै २०२५ मध्ये भरतीच्या प्रश्नावरूनच दोघांनी मंत्रिपदं सोडली. ज्याला मोजकंच हवं असतं, त्याला सौदा जमतो.

समोरचेही गप्प बसत नाहीत, हे प्रश्नात सुटलंय. धार्मिकांच्या सवलतींविरुद्ध रान उठवून एका निधर्मी पक्षानं २००३ साली १५ जागा मिळवल्या (२००६ साली त्याच पक्षाला भोपळा). २०१३ साली नव्या पक्षानं ‘बोजा सगळ्यांनी सारखा उचला’ म्हणत १९ जागा नेल्या. धर्मनिरपेक्षता तोवर हवेसारखी होती, तिला पक्ष लागत नव्हता. आता तीही एक गट झाली.

अमेरिकेतल्या गोऱ्या इव्हँजेलिकलांनी (बायबलला प्रमाण मानणाऱ्या कट्टर प्रोटेस्टंटांनी) तर आणखी गंमत केली. लोकसंख्येतला त्यांचा वाटा गेल्या काही दशकांत घसरत गेला, तरी त्यांना हवं होतं तसं २०२२ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द झाला. एका पक्षात घट्ट पाय रोवून, न्यायाधीशांच्या नेमणुकांवर चाळीसेक वर्षं डोळा ठेवून हे मिळवलं. पाळणे हलवून नव्हे.

तेव्हा तुमच्या मनात एखादा देश असेल, तर तिथे तीन गोष्टी शोधा. मुलं टिकतात का, त्या समाजाला सूट हवी आहे की सरकारी पैसा आणि कायदा, आणि तो लहान असताना सरकारनं त्याला काय लिहून दिलं होतं. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण माणसं गेली तरी लिहिलेलं राहतं. नेदरलँड्समध्येच बघा. १९१७ साली धर्मवाद्यांनी संविधानात बदल करून घेतला, की धार्मिक शाळांना सरकारी शाळांइतकंच अनुदान मिळेल. त्या बदल्यात इतरांना सर्व पुरुषांसाठी मताधिकार मिळाला. पुढे चर्च ओस पडली, कॅथलिक पक्ष गेला, कलम मात्र तिथेच आहे. आणि १९८८ पासून त्याच कलमाच्या आधारे तिथे मुस्लिम प्राथमिक शाळा सुरू होत आल्या आहेत.