१ मेच्या सुट्टीत हडपसरला जाताना

कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

१ मे शुक्रवारी आलाय, शनिवार-रविवार लागूनच आहेत, आणि तू तिन्ही दिवस हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर, बिनइंजिनाची विमानं उडवायला शिकण्यात घालवणार, हे ऐकून फार बरं वाटलं. तीन दिवसांत जास्तीत जास्त फ्लाइट कशा पदरात पाडायच्या, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा घाईत बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र. फ्लाइट मोजूच नकोस. सुट्टीत हाव सुटते आणि ग्लायडिंगला हाव चालत नाही.

साधा हिशेब बघ. विंचने, म्हणजे ग्लायडरला केबलने ओढून वर चढवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, साधारण ३०० मीटर उंची मिळाली असं धर. शिकाऊ ग्लायडर सेकंदाला जवळजवळ एक मीटर खाली उतरतं. वर उचलणारी हवा सापडली नाही, तर पाच मिनिटांत चाक जमिनीला टेकतं. बाकीचा सगळा दिवस मैदानावरच जातो. तो वेळ तू झाडाखाली मोबाइल बघत काढलास, तर पुण्याला जाऊन काय मिळवलंस? पंख धरून धावायला पुढे हो. उतरलेलं ग्लायडर ढकलत आणायला जा. हात कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे आधी विचारून घे. दुसऱ्याचं लाँच सुरू झालं की ते उतरेपर्यंत नजर काढू नकोस. कुठे वळला, वळताना किती उंचीवर होता, एअरब्रेक, म्हणजे लवकर खाली उतरवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या, कधी उघडले, हे मनात म्हणत राहा. आपल्याला इंजिन नाही. उतरणं चुकलं म्हणून पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करता येत नाही. म्हणून दुसऱ्यांची उतरणी बघून डोळा तयार करावा लागतो.

मे महिन्यात थर्मल, म्हणजे तापलेल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, जोरदार असतात. ते ओळखायला इथूनच शिक. आपल्याकडे उसाच्या फडावर घार सहसा घिरट्या घालताना दिसायची नाही. पाणी पाजलेल्या रानात उन्हाचा बराच जोर ओल सुकवण्यातच जातो, हवा फारशी तापत नाही. शेजारचा खडकाळ माळ किंवा नांगरून टाकलेलं कोरडं रान मात्र तापतं, आणि घार तिथे गोल फिरत पंख न हलवता चढत जाते. पन्हाळ्याला पुसाटी बुरुजावर जाऊन बस. पश्चिमेचा वारा असेल तर तिथल्या घारी गोल फिरत नाहीत, कड्याच्या काठाकाठाने मागेपुढे करतात. कारण तिथला वारा कड्यावर आदळून वर चढतो. ते थर्मल नव्हे. हा फरक एकदा डोळ्यांत बसला, की वर गेल्यावर कुठे वळायचं याचा विचार आधीच झालेला असतो. आणि थर्मलमध्ये तुझ्या आधी कोणी फिरत असेल, तर तो ज्या दिशेने फिरतोय त्याच दिशेने फिरायचं. हा नियम कधीही मोडायचा नाही.

कॉकपिटमध्ये बसलीस की कॅनॉपीवर, म्हणजे समोरच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्याकडे लक्ष ठेव. एवढासा लाल धागा, पण यंत्रांआधी तोच बोलतो. मोकळं टोक उजवीकडे गेलं तर डावा पाय दाब. पिवळी मूठ केबल सोडायची, निळी एअरब्रेकची. डोळे मिटून हात तिथे जातो का, हे उभ्या ग्लायडरमध्ये बसून करून बघ. केबल तुटली तर काय, हे प्रत्येक लाँचच्या आधी मोठ्याने म्हणायचं, कंटाळा आला तरी. नाक लगेच खाली. वेग परत आल्याशिवाय ना वळायचं, ना ब्रेक उघडायचे. मगच समोर उतरायचं की छोटा फेरा घ्यायचा, ते ठरवायचं. विंचवर नाक आभाळाकडे असताना वेग क्षणात निघून जातो, म्हणून मी हे इतकं बजावतोय. हडपसरला चारी बाजूंनी वस्ती झालीय. बाहेर कुठेतरी उतरू, असा विचार तिथे धरूच नकोस.

सगळ्यात जास्त काळजी मला वळवाची वाटते. दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत वर जाताना सुंदर दिसतात आणि खाली वर उचलणारी हवा मस्त मिळते. पण बुडाशी काळोखी आली, की पावसाच्या आधी थंड वाऱ्याचा झोत सुटतो, आणि वाऱ्याची दिशा बघता बघता फिरते. त्या वेळी ग्लायडर जमिनीवर, बांधलेलं हवं. इन्स्ट्रक्टरनी 'बास' म्हटलं की 'सर, एकच' असं म्हणू नकोस. रविवारी संध्याकाळी तर मुळीच नको. तीन दिवस उन्हात उभं राहून अंग आंबलेलं असतं, पाणी कमी प्यायलेलं असतं आणि ते आपल्याला कळतही नाही. रांगेत नंबर आला तरी दमलेली असशील तर तो मागच्याला दे.

टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या ने. लॉगबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल. परतीची गाडी रविवारी रात्री उशिराची बघ. संध्याकाळच्या एसटीचं रिझर्वेशन केलं असशील, तर आजच बदलून घे.

तुझा,
काका