डाव्या बाजूचे नट

प्रिय मित्रा,

तुझे बाबा माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणजे खरं तर ‘चि.’ लिहायला हवं. पण गॅरेजमध्ये आम्ही वय धरत नाही.

काल रात्री साडेअकराला तुझे फोटो आले. १९७० ची डॉज चॅलेंजर, नारिंगी रंग, काळा पट्टा, आणि खाली तुझी एकच ओळ: ‘काका, कर्ज काढून आत्ता घेऊ की तुमच्यासारखा थांबू?’ पहिल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता आलं असतं. दुसऱ्या अर्ध्याने माझी झोप उडवली. मी थांबलो म्हणजे काहीतरी व्रत केलं, असा तुम्हा मुलांचा समज झालेला दिसतोय. तो आधी काढून टाकतो.

१९८४ च्या हिवाळ्यात मी मिशिगनमधल्या इप्सिलँटीला दोन खोल्यांत चौघांबरोबर राहत होतो. कपडे धुवायच्या दुकानामागे एक १९६८ ची प्लायमथ रोडरनर उभी असायची, काचेवर ‘विकणे आहे’ आणि २,२०० डॉलर. तिच्या दारावरचा पळता पक्षी अर्धा उडाला होता. मी दर रविवारी कपडे मशीनमध्ये टाकायचो आणि बर्फात उभा राहून ती गाडी बघायचो. पुढे नोकरी लागली तेव्हा प्लायमथच घेतली, पण रिलायंट. चौकोनी खोक्यासारखी, चार दारांची, घरी फोटो पाठवल्यावर कोणी काही विचारणार नाही अशी. मग ग्रीनकार्ड, मग भावाचा बदलापूरचा फ्लॅट, मग मुलांची कॉलेजं. इथपर्यंतची कारणं खरी आहेत. पण २००५ नंतर माझ्याकडे पैसे होते रे. नव्हती ती हिंमत. मंडळाच्या गणपतीत त्या आवाजाची गाडी लावली तर लोक काय म्हणतील, या एका वाक्यावर मी चौदा वर्षं काढली. शेवटी तुझ्या काकूनेच सुनावलं, ‘एक तर त्या जाहिराती चाळणं बंद करा, नाहीतर गाडी आणा.’ २०१९ साली रोडरनर आणली. मी बासष्ट वर्षांचा होतो.

थांबल्याचा तोटा कुठे दिसतो, सांगू? डाव्या गुडघ्यात. मला चार गिअरची हाताने टाकायचीच हवी होती, कारण स्वप्नात तशी होती. तिचा क्लच दाबायला पंचविशीचा पाय लागतो. डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर ट्रॅफिक तुंबला की मी सिग्नलला न्यूट्रल करून पाय चोळत बसतो.

आणि मुळात ही गाडी पेन्शनरांसाठी बनलीच नव्हती. डेट्रॉइटने मधल्या आकाराच्या साध्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन बसवायचा खेळ १९६४ साली पाँटिअॅक जीटीओपासून रंगवला. चार वर्षांत ती इतकी सजली आणि महागली, की ज्या पोरांसाठी होती त्यांनाच परवडेना. तेव्हा प्लायमथने १९६८ साली उलटं केलं. रोडरनरमध्ये पुढे सलग बाकडं, खाली गालिच्याऐवजी रबराची चटई, आणि पैसे सगळे इंजिनात: ३८३ घनइंच, म्हणजे ६.३ लिटर, ३३५ हॉर्सपॉवर. किंमत २,८९६ डॉलर. पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी कार्टूनवाल्या वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले आणि हॉर्नही त्याच्यासारखा ‘बीप बीप’ करणारा बसवला. अंदाज वीसेक हजार गाड्यांचा होता, खपल्या चव्वेचाळीस हजारांच्या वर.

तू म्हणशील, हा इतिहास मला कशाला. कर्जासाठी. तुझ्यासारखाच विचार तेव्हाच्या पोरांनी केला होता. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो.

२०२२ चा ऑगस्ट. तिसरा शनिवार, वुडवर्डचा ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची दरवर्षीची जत्रा. रॉयल ओकजवळ माझी गाडी बंद पडली. चावी फिरवली की इंजिन सुरू व्हायचं, चावी सोडली की मरायचं. परत फिरवली, परत तेच. मागे रांग, बाजूला खुर्च्या टाकून बसलेले शेकडो लोक, आणि मी एकटा मराठी माणूस बॉनेट उघडून उभा. रस्त्याकडेचा एक कृष्णवर्णीय म्हातारा उठून आला, आवाज एकदाच ऐकला आणि खिशातून बोटाएवढा पांढरा चिनी मातीचा तुकडा काढला. बॅलास्ट रेझिस्टर. गाडी सुरू करताना वीज त्याला वळसा घालून जाते, चावी सोडली की त्याच्यातून जाते. तो जळला की बरोबर हे लक्षण. मीच दोन महिन्यांपूर्वी स्वस्तातला नवा बसवला होता. म्हाताऱ्याने दोन मिनिटांत बदलला. पैसे घेईना. म्हणाला, पुढच्या सिग्नलपर्यंत बसव.

तो पुढल्या बाकड्यावर बसला आणि बोलायला लागला. बावीस वर्षांचा असताना त्याने अशीच गाडी नवी घेतली होती, हप्त्यांवर. हप्ता झेपत होता. पण विमा कंपन्यांनी अशा गाड्या आणि असल्या वयाचे चालक हेरून दर चढवले, आणि तिसऱ्या वर्षी विमा हप्त्याच्या वर गेला. विकली. तेव्हा हे घरोघरी घडलं. मग १९७१ पासून प्रदूषणाच्या नियमांसाठी इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं, म्हणजे ताकद घटवली, १९७३ ला अरबांनी तेल रोखलं आणि खेळ संपला. म्हातारा पुढच्या सिग्नलला उतरला नाही, बर्मिंगहॅमपर्यंत आला.

तर कर्ज. सात वर्षांचं कर्ज काढून तू पन्नाशी उलटलेली गाडी घेणार आहेस. गाडी विकत घेणं हा पहिला हप्ता असतो, बाकीचे दर महिन्याला पार्सलने येतात. किंमतीच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतके रोख पैसे पहिल्या वर्षासाठी बाजूला नसतील, तर घेऊ नकोस. हे मी थांबायला सांगत नाहीये. छोटी घे, रंग उडालेली घे, पण चालवता येईल आणि मोडली तर रडू येणार नाही अशी घे. माझ्या गाडीचं इंजिन मूळचं नाही, दुसऱ्या गाडीतलं आहे. गाडीचा आणि इंजिनाचा नंबर जुळवून बघणारे नाक मुरडतात. त्यामुळेच मला परवडली, आणि त्यामुळेच मी ती पावसात काढतो.

विकणारे काय काय झाकतात, तेही ऐक. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात आणि मीठ पत्रा खातं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन जा. मागच्या चाकांमागचा पत्रा, दारांचा तळ, डिकीची जमीन. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. मी हे केलं नव्हतं. रंग इतका झकास होता की हात लावायला संकोच वाटला. त्या संकोचापायी पुढचा अख्खा हिवाळा मी डिकीची जमीन वेल्डिंग करून घेण्यात घालवला.

आणि आता डावीकडचे नट. पहिल्याच शनिवारी ब्रेक बघायला म्हणून डावं पुढचं चाक उतरवायला घेतलं. नट हलेना. शेजाऱ्याची नट सोडवायची हवेवरची बंदूक आणली, जोर लावला, फाट्! नट ज्यावर बसतो तो स्टडच तुटला. दुसऱ्यालाही तेच. तुटलेला तुकडा हातात घेतला तर टोकावर ‘एल’ अक्षर. आणि मला लहानपणची कुर्ल्याची एक दुपार आठवली.

माझे वडील प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते, हे तुला माहीत असेल. वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात तो कारखाना काढला, १९४७ साली तिथून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, डिसोटो, प्लायमथ. पेट्यांतून भाग यायचे आणि आमचे बाबा लोक ते जोडायचे. मी जन्मलो तेव्हा फियाट आली होती, पण बाबांच्या तोंडी डॉजच. चाळीखाली एक टॅक्सीवाला राहायचा, त्याची डॉज पंक्चर झाली की बाबांना हाक यायची. मी पाना धरायला. एकदा मी डाव्या चाकाचा बोल्ट जीव खाऊन उलटा पिळत होतो. बाबा म्हणाले, ‘अरे, डाव्या अंगाचे आटे उलटे असतात. तू सोडवत नाहीयेस, आवळतोयस.’ क्रायस्लरच्या गाड्यांना डावीकडे उलटे आटे, म्हणजे चाक फिरता फिरता नट सैल होऊ नये. १९७० पर्यंत ही रीत चालली. पुढे मी मेकॅनिकलची पदवी घेतली, इथे मास्टर्स केलं, पस्तीस वर्षं गाड्यांचे भाग डिझाइन केले, आणि बाबांचं ते वाक्य आठवायला मला दोन स्टड तोडावे लागले. बाबा जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी गॅरेजच्या फरशीवर बराच वेळ बसून राहिलो.

त्यांनी एक वस्तू जपली होती, प्लायमथचं शिडाच्या जहाजाचं चिन्ह, एक टवका उडालेलं, रद्दीत काढलेलं. आमच्या रेडिओवर असायचं. आता ते माझ्या गाडीच्या कप्प्यात असतं, जादा बॅलास्ट रेझिस्टरशेजारी. २०२५ साली गणपती २७ ऑगस्टला आले. मिशिगनमध्ये ऐतिहासिक नंबरपाटीची जुनी गाडी एरवी प्रदर्शनं, मिरवणुका एवढ्यालाच काढायची, पण ऑगस्टभर कुठल्याही कामाला चालते. म्हणून मूर्ती रोडरनरमधून आणली. पुढच्या सलग बाकड्यावर मध्ये काकू, तिच्या मांडीवर गणपती. मंडळाचे लोक काय म्हणाले? रांग लावून फोटो काढले. चौदा वर्षं मी कशाला घाबरत होतो, देव जाणे.

बाकी किरकोळ. नोव्हेंबर ते एप्रिल गाडी झाकून ठेवायची, उंदरांचा बंदोबस्त करायचा. मायलेज विचारू नकोस.

आता तुझ्या चॅलेंजरबद्दल. जाहिरातीत लिहिलंय ‘अस्सल आर/टी, ४४०’, म्हणजे चॅलेंजरची महागडी, जोरदार आवृत्ती, ४४० घनइंचांच्या इंजिनाची. तू पाठवलेल्या चौथ्या फोटोत, पुढच्या काचेतून, डॅशबोर्डवरची नंबराची पट्टी अर्धी दिसते. भिंग घेऊन वाचली: जेएच२३जी०बी. जे म्हणजे चॅलेंजर. दुसरं अक्षर एच, म्हणजे साधी. आर/टी असती तर तिथे एस असतं. २३ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप. जी म्हणजे कारखान्यातून निघताना तिच्यात ३१८ घनइंचांचं, म्हणजे लहान इंजिन होतं. ४४० असतं तर तिथे यू किंवा व्ही. शून्य म्हणजे १९७०, बी म्हणजे इथल्याच हॅमट्रॅम्कच्या कारखान्यातली. ४४० नंतर कोणीतरी बसवलंय आणि बिल्ले दुकानातून आणलेत. गाडी वाईट आहे असं नाही, कदाचित मस्त असेल. पण आर/टीची किंमत तिची नव्हे.

विकणाऱ्याला उद्या फोन कर, चढा आवाज न लावता विचार की पाचवं अक्षर जी का आहे. तो काय म्हणतो ते मला कळव. नंतर शनिवारी नऊपर्यंत इकडे ये, जुना शर्ट घालून. माझ्या गाडीचे चारही ब्रेक उघडायचेत. उजवी चाकं मी घेतो, डावी तुझी.

तुझा
काका