लय बदला आणि मग पक्ष्याकडे बघा

शेजाऱ्यांचा कॉकाटील (छोटा, तुरेवाला पोपट) गाणं लागलं की मान हलवतो, तर तो ठेका धरतो की माणसांची नक्कल करतो, असं तुम्ही विचारलंय. नुसती मान हलते म्हणून तालाचं ज्ञान आहे असं धरू नका. खायला हवं असलं किंवा मादीला खुणावायचं असलं तरी पोपटवर्गातले पक्षी मान हलवतात, आणि त्यांची लय गाण्याशी योगायोगानेही जुळू शकते.

याची खरी परीक्षा अमेरिकेत स्नोबॉल नावाच्या काकाकुव्याची झाली. अनिरुद्ध पटेल आणि सहकाऱ्यांनी २००९ साली ते संशोधन प्रसिद्ध केलं. स्नोबॉलच्या आवडीचं बॅकस्ट्रीट बॉइज या पॉप बँडचं गाणं, पट्टी तीच ठेवून, त्यांनी मूळ लयीपेक्षा २० टक्के संथ ते २० टक्के जलद असं वेगवेगळ्या लयींत वाजवलं. समोरच्या माणसांनी नाचायचं नाही, ही अट. लय बदलली तशी पक्ष्याचीही बदलली!

मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. स्नोबॉल सतत तालात नव्हता. काही मात्रा चोख, मग सुटायचा, मग पुन्हा पकडायचा. अशा तुकड्यांना निव्वळ योगायोग म्हणणं सोपं होतं. म्हणून संशोधकांनी एका लयीवरचा त्याचा नाच दुसऱ्याच लयींशी जोडून आकडेमोड केली. योगायोगाने इतकं जुळणं फारच अवघड, असं त्यातून निघालं. गमतीच्या विषयाला इतक्या काटेकोरपणे हात घातलेला पाहून मला फार आनंद होतो. पुढे २०१९ मध्ये त्याच पक्ष्याच्या १४ वेगवेगळ्या हालचाली नोंदल्या गेल्या.

पटेल यांची मांडणी अशी, की ऐकलेला आवाज हुबेहूब काढायला शिकणाऱ्या प्राण्यांनाच ताल पकडता येत असावा. पण कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझची रोनन ही सी-लायन (सीलसारखा सागरी सस्तन प्राणी) मादी, आवाजांची नक्कल करणाऱ्यांतली नसूनही, शिकवल्यावर ठेक्याला मान हलवू लागली (२०१३), आणि न शिकवलेल्या लयींनाही. त्यामुळे ती मांडणी आहे तशी मला आता पटत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांच्या कॉकाटीलसाठी: मोबाईलवर एकच गाणं कमी-जास्त वेगाने लावा, कुणीही मान डोलवू नका की टाळ्या वाजवू नका, आणि व्हिडिओ घ्या. नंतर मात्रा मोजा. वेगाबरोबर त्याच्या मानेची लय बदलली, तर व्हिडिओ इथे जरूर टाका. आणि हे पाहून कुणी आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवायच्या विचारात असेल, तर तो वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.