डी-डायमर 640 आला, तरी डॉक्टर सीटी नको म्हणतात. बरोबर आहे का?

तुम्ही लिहिलंय की वडील 68 वर्षांचे, दोन दिवस जिना चढताना धाप लागते, एक्स-रे आणि ईसीजी नॉर्मल, डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या तुकड्यांची चाचणी) 640 आणि लॅबने समोर ठळक ‘हाय’ छापलंय. तरी डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसात गुठळी वाटत नाही.

मी मुंबईत मेडिसिनचा डॉक्टर आहे. तुमचे डॉक्टर बहुधा बरोबर आहेत. लॅब छापते ती मर्यादा 500 ची. पण डी-डायमर वयाबरोबर आपसूक वाढतो, म्हणून पन्नाशीनंतर आम्ही वयाला दहाने गुणतो. 68 ला 680 झाले, 640 त्याच्या आत. फक्त रिपोर्टवर युनिट बघा. ‘एफईयू’ असेल तरच हा हिशोब चालतो. ‘डीडीयू’ असेल तर 640 म्हणजे एफईयूच्या हिशोबात जवळजवळ दुप्पट, आणि मग सीटी लागेल.

दुसरी अट जास्त महत्त्वाची. आकड्याआधी संशय किती, ते ठरवावं लागतं. त्यासाठी वेल्स स्कोअर आहे: एका पायाला सूज नि दुखणं 3, दुसरं कुठलंच कारण तितकं पटत नसेल तर 3, नाडी शंभरावर, महिनाभरात ऑपरेशन किंवा अंथरुणाला खिळणं, पूर्वी गुठळी, यांचे प्रत्येकी दीड, थुंकीत रक्त आणि कॅन्सर यांचा एकेक. (गणपतीला बारा तास गाडीत बसून कोकणात गेला होतात का, हे मी विचारतोच, पण त्याला गुण नाहीत.) बेरीज 4 च्या वर गेली की डी-डायमर बघायचाच नाही, थेट सीटी अँजिओग्राफी, म्हणजे डाय देऊन फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांचा सीटी. शिकत असताना मी मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या एका बाईंचा डी-डायमर पाठवला होता. सर म्हणाले, “ऑपरेशननंतर तो वाढलेलाच येणार. रिपोर्टची वाट कसली बघतोस?”

एक्स-रे, ईसीजी नॉर्मल आहेत म्हणून निर्धास्त होऊ नका. गुठळी असतानाही ते नॉर्मल येऊ शकतात. न्यूमोनिया, हार्ट अटॅक अशी दुसरी कारणं शोधायला ते काढतात.

सीटीत डाय देतात, म्हणून आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्तचाचणी) बघतात. किडनी कमजोर असेल तर व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) किंवा पायांचा डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी). पायात गुठळी सापडली तर रक्त पातळ करण्याचं औषध फुफ्फुसातल्या गुठळीला देतात तेच.

आता डॉक्टरांना विचारा की मग धाप कशाने? हिमोग्लोबिन आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का? आणि बसल्याजागी धाप लागली, चक्कर येऊन पडले किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर ओपीडीची वाट बघू नका, 108 लावा.